रोडसाइड अमेरिका : आगगाड्यांच्या त्या छोट्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियातलं 'रोडसाइड अमेरिका' बंद होऊन काही वर्षं झाली, तरी उन्हाळा जवळ आला, आईबाबांची तिकिटं निघाली, की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. काही न्यू जर्सीतून येतात, काही पुण्या-मुंबईतून. 'लहानपणी मामाने नेलं होतं, ते हेच का?' असं विचारणारेही बरेच असतात. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. फक्त 'चालू आहे का' एवढंच हवं असेल तर प्रश्न २ वाचा आणि मोकळे व्हा.

१. रोडसाइड अमेरिका म्हणजे नक्की काय होतं? नाव ऐकून ढाबा वाटतो.

ढाबा नव्हे. एका मोठ्या हॉलमध्ये मांडलेलं छोटं जग होतं ते. डोंगर, नद्या, पूल, शेतं, गावं, चर्च, गिरण्या, कोळशाची खाण आणि या सगळ्यांतून फिरणाऱ्या आगगाड्या आणि ट्राम. कडेने कठड्यालगत चालत चालत बघायचं. जुन्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची खेड्यापाड्यांतली अमेरिका एका छपराखाली दाखवायची, असा सगळा बेत होता. लोक 'मॉडेल रेल्वे बघायला जातोय' म्हणून निघायचे खरे, पण बाहेर पडल्यावर बोलायचे ते गावांबद्दल.

२. अजून चालू आहे का? जूनमध्ये सासू-सासरे येताहेत, त्यांना न्यायचं आहे.

नाही. महामारीत मार्च २०२० मध्ये दार बंद झालं, आणि कायमचं बंद केल्याचं त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झालं. जानेवारी २०२१ मध्ये आतल्या वस्तूंचा लिलाव झाला (प्रश्न १२). जुन्या प्रवासमार्गदर्शकांत आणि काही नकाशांवर नाव अजून सापडतं, त्यावर विसंबून गाडी काढू नका. दुसरीकडे कुठे नेता येईल ते प्रश्न १४ मध्ये दिलं आहे.

३. होतं कुठे?

बर्क्स काउंटीतल्या शार्टल्सव्हिल या गावात, आय-७८ महामार्गाच्या २३ क्रमांकाच्या एक्झिटला. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून निघालं की दोन तासांच्या आतबाहेर. न्यू जर्सीतल्या बऱ्याच मराठी घरांनी ते हर्षीला जाता-येताना पाहिलेलं असतं, कारण ते अगदी त्याच वाटेवर होतं. जाताना चॉकलेट आणि येताना गाड्या, असा तो ठरलेला शनिवार.

४. बनवलं कोणी?

लॉरेन्स गिरिंगर या गृहस्थांनी. व्यवसायाने सुतार आणि रंगारी. ते रेडिंग शहरात वाढले. 'मोनोपोली'च्या अमेरिकी पटावर जी रेडिंग रेलरोड असते, तिच्याच शहरात. त्यांच्या लहानपणीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. घराच्या खिडकीतून रात्री समोरच्या डोंगरावरच्या हॉटेलचे दिवे दिसायचे. पोराला वाटलं, ते खेळण्यातलं घर आहे, जाऊन उचलून आणावं. निघाला आणि रानात वाट चुकला. घरच्यांनी रात्रभर शोधाशोध केली. लांबून लहान दिसणारी वस्तू खरोखरच लहान करून हातात घ्यायची, हे वेड तिथून लागलं म्हणतात.

गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडून देऊ. एवढं मात्र खरं की लॉरेन्स आणि त्यांचा भाऊ पॉल दोघेही लहानपणापासून लाकडाची छोटी घरं कोरत असत. पुढे पॉल धर्मगुरू व्हायला गेला आणि लॉरेन्स एकटे कोरत राहिले.

५. खासगी छंद लोकांसाठी खुला कसा झाला?

नाताळामुळे. पेनसिल्व्हेनियात नाताळच्या झाडाखाली छोटं गाव मांडून त्यात गाडी फिरवायची जुनी रीत आहे. आपल्याकडे दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, अळीव पेरून हिरवळ काढतात, मावळे उभे करतात, अगदी तसंच. १९३५ साली गिरिंगरांनी हॅम्बर्ग गावातल्या आपल्या घरी मुलांसाठी असंच गाव मांडलं. स्थानिक वर्तमानपत्रात त्याची बातमी आली आणि घरात लोकांची रीघ लागली.

पुढचा प्रवास जागेच्या शोधाचा. आधी रेडिंगजवळच्या कार्सोनिया पार्क या करमणूक बागेत, मग १९४१ मध्ये शार्टल्सव्हिलला, आणि १९५३ मध्ये खास त्यासाठी बांधलेल्या इमारतीत. बहुतेकांच्या आठवणीत जी आहे ती ही शेवटची इमारत.

६. हॅम्बर्ग? म्हणजे जर्मनीतलं प्रसिद्ध मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन ते हेच का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. गिरिंगरांचं हॅम्बर्ग हे पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात, जुन्या गोदामांच्या श्पायखरश्टाट भागात आहे ते 'मिनियाटुर वुंडरलँड'. ते फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये सुरू केलं. ते जगातलं सर्वांत मोठं मॉडेल रेल्वे प्रदर्शन मानलं जातं, जोरात चालू आहे आणि अजून वाढतंय. दोन्हींत साम्य म्हणाल तर ठरावीक वेळाने होणारी रात्र. बाकी एक संगणकावर चालतं, दुसरं सुताराच्या हातावर चाललं.

७. किती मोठं होतं?

सुमारे ८,००० चौरस फूट. नेहमी दिले जाणारे आकडे असे : ३०० च्या आसपास इमारती, ४,००० माणसं, हाताने केलेली १०,००० झाडं, ६०० दिवे, २,२५० फूट रूळ आणि २१,५०० फूट विजेची तार.

या यादीतला शेवटचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. रुळांच्या जवळजवळ दहापट तार! साडेसहा किलोमीटर! गाड्या फिरवायला एवढी तार लागत नाही. ती लागली खिडकी-खिडकीतल्या दिव्यांना आणि कठड्यावरच्या बटणांना.

८. आत नेमकं काय दिसायचं? मला फक्त बटणं आठवताहेत.

मग योग्य तेच आठवतंय. कठड्याला ठिकठिकाणी बटणं होती आणि प्रत्येक बटणाने काहीतरी हलायचं. सर्कशीत हालचाल सुरू व्हायची, कुठे चाक फिरायचं, कुठे ट्राम निघायची. गंमत अशी की बटण दाबल्यावर हललं काय हे पहिल्यांदा कळायचंच नाही. मोटर घरघरायची आणि पोरं डोळे फाडून शोधत बसायची. पुन्हा दाबायचं, पुन्हा शोधायचं. मागे रांग लागलेली असायची ती त्यामुळेच.

मोठ्यांचा वेळ जायचा तो निराळ्या गोष्टींत. पिठाच्या गिरणीचं पाणचाक, कोळशाची खाण आणि तिच्याभोवतीची कामगारवस्ती, शेतावरची कोठारं. बर्क्स काउंटीच्या उत्तरेला कोळशाचा पट्टा आहे, आजूबाजूला जर्मन वंशाचे 'पेनसिल्व्हेनिया डच' शेतकरी. गिरिंगरांनी मांडलं ते त्यांच्या उंबरठ्याबाहेरचंच होतं, त्यामुळे त्यात ऐकीव काही नव्हतं. जवळ वाकून पाहिलं की पत्रा आणि प्लास्टरवर ब्रशाचे फराटे दिसायचे. भिंतीचा रंग एकसारखा नसायचा, उन्हापावसाने विटल्यासारखा असायचा. घरं रंगवून पोट भरलेल्या माणसाला जुना रंग कसा दिसतो हे कुणी शिकवायला नको.

९. तो रात्रीचा खेळ काय होता? आणि शेवटी येशूचं चित्र यायचं, हे मला खरंच आठवतंय की भास?

भास नाही. साधारण अर्ध्या तासाने हॉलमधले दिवे हळूहळू मंद होत. तसतसे छोट्या घरांतले दिवे लागत. गाड्यांच्या डब्यांच्या खिडक्या उजळत आणि सगळा डोंगर ठिपक्याठिपक्यांनी भरून जाई. त्यात गायिका केट स्मिथच्या भरदार आवाजात 'गॉड ब्लेस अमेरिका' सुरू व्हायचं. भिंतीवर झेंडा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि हो, येशू ख्रिस्त यांची चित्रं पडायची. मग उजाडायचं.

आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यांची यावर दोन टोकांची मतं असायची. काहींना हा देशभक्तीचा आणि भक्तीचा मसाला जास्त वाटायचा. काही आजी-आजोबा मात्र आपसूक हात जोडून उभे राहायचे. मला विचाराल तर ते सगळं १९५० च्या दशकातल्या खेड्यातल्या अमेरिकेचंच होतं. ते काढून टाकलं असतं तर उरलेलं गाव खोटं झालं असतं.

१०. घरं आणि गाड्या एकाच मापाच्या होत्या का? माझा मुलगा म्हणतो, फोटोत गाड्या लहान दिसतात.

मुलाची नजर चांगली आहे. गिरिंगरांचं माप होतं एका फुटाला तीन-अष्टमांश इंच, म्हणजे १:३२. सहा फुटी माणूस या मापात सव्वादोन इंचांचा होतो. गाड्या मात्र बाजारात मिळणाऱ्या ओ गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आणि अमेरिकेत ओ गेजचं माप धरतात १:४८. म्हणजे घरांच्या हिशेबात गाड्या दीडपट लहान.

काटेकोर मॉडेलवाल्यांना हे खटकतं. प्रत्यक्षात हॉलमध्ये फारसं जाणवत नसे. गावांचं माप त्यांनी ठरवलं आणि गाड्या मिळतील त्या घेतल्या. तिथे गाव आधी आणि रेल्वे नंतर, असा याचा सरळ अर्थ आहे.

११. मी १९७८ मध्ये पाहिलं, बहिणीने २०१५ मध्ये. दोघींचे फोटो सारखेच कसे?

कारण गिरिंगर १९६३ मध्ये वारले आणि त्यानंतर मांडणीत बदल करायचा नाही असं कुटुंबाने ठरवलं. डागडुजी चालू होती, दिवे बदलले जात, मोटरी दुरुस्त होत, पण नवं गाव, नवा पूल, नवी इमारत असं काही नाही. त्यामुळे तुमच्या फोटोतलं चर्च जिथे आहे तिथेच बहिणीच्या फोटोत आहे. फोटोवरून साल ओळखायचं असेल तर प्रदर्शनाकडे बघू नका, कठड्याजवळ उभ्या असलेल्या माणसांचे कपडे बघा.

१२. लिलावात काय झालं? एखादं घर विकत मिळेल का?

मांडणी सुटी सुटी करून विकली गेली : इमारती, गाड्या, आकृत्या, पाट्या. ती वेगवेगळ्या लोकांच्या घरी गेली, त्यामुळे ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहण्याची आशा धरू नये. त्यातली एखादी वस्तू अधूनमधून जुन्या वस्तूंच्या बाजारात येते. घ्यायची झाली तर दोन गोष्टी बघा. लिलावातल्या खरेदीची पावती विक्रेत्याकडे आहे का, आणि माप जुळतं का (प्रश्न १०). 'रोडसाइड अमेरिकातलं घर' म्हणून कुणी कारखान्यात बनलेलं प्लॅस्टिकचं घर दाखवत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा. गाड्यांचं मात्र पावतीशिवाय ओळखणं अशक्य, कारण तशाच गाड्या हजारो घरांत होत्या.

१३. एखाद्या संग्रहालयाने अख्खं का घेतलं नाही? फक्त कोविडमुळे बंद पडलं का?

कोविड हे शेवटचं कारण. कुटुंब त्याआधी काही वर्षं खरेदीदार शोधत होतं. अख्खं घेणारा कुणी मिळाला नाही. एवढं मोठं काम उचलून नेणंही सोपं नाही. घरं उचलता येतात, प्लास्टरचे डोंगर येत नाहीत. गिरिंगरांनी स्वतः ते हलवलं होतं, पण तेव्हा ते लहान होतं आणि करणारा हयात होता.

पण माझ्या मते मुख्य गाठ प्रश्न ११ मध्ये आहे. त्याच राज्यात, ब्रूकव्हिल गावात, चार्ल्स बौडिश यांनी १९२० च्या नाताळात आपल्या घरी असंच गाव मांडलं होतं. सुरुवात हुबेहूब तीच. ते १९५४ मध्ये पिट्सबर्गच्या बूल प्लॅनेटोरियममध्ये गेलं, १९९२ मध्ये तिथल्या सायन्स सेंटरमध्ये, आणि आजही चालू आहे. तिथे दरवर्षी एक नवी प्रतिकृती बसवतात. 'यंदा काय नवीन?' म्हणून पिट्सबर्गची माणसं पुन्हा जातात. शार्टल्सव्हिलला दुसऱ्यांदा गेलं की पहिल्यासारखंच सगळं दिसायचं, आणि आठवणी काढत येणाऱ्याला नेमकं तेच हवं असायचं. फक्त असा माणूस वीस वर्षांतून एकदा येतो. त्याच्या तिकिटावर विजेचं बिल भागत नाही.

मग कुटुंबाने बदल करायला हवे होते का? मला नाही वाटत. प्रत्येक मालकाने आपलं एक घर घुसवलं असतं, तर आज हळहळायलाही काही उरलं नसतं. पण तसंच्या तसं ठेवायचं तर मागे संस्था लागते, आणि इथे एका घराने ते पन्नासहून जास्त वर्षं निभावलं.

१४. ठीक आहे, मग पाहुण्यांना आता कुठे नेऊ?

न्यू जर्सीतच असाल तर फ्लेमिंग्टनचं 'नॉर्थलँड्झ'. १९९६ मध्ये खुलं झालं. सुमारे आठ मैल रूळ आहेत, गिनेसमध्ये त्याची नोंद झाली होती. चालणं खूप, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दऱ्या आणि पूल अफाट आहेत, बारकावे कमी. शार्टल्सव्हिलची ऊब शोधायला गेलात तर हिरमोड होईल, भव्यता बघायला गेलात तर पैसे वसूल.

ऊब हवी असेल तर लँकेस्टर काउंटीतल्या स्ट्रासबर्गचं 'चू चू बार्न'. ग्रॉफ कुटुंबाने १९६१ मध्ये सुरू केलं, तेही घरच्या नाताळच्या मांडणीतूनच. आकाराने बरंच लहान, पण दीडशेहून जास्त हलत्या आकृत्या आहेत. जवळच स्ट्रासबर्ग रेलरोडची खरी वाफेची गाडी, पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे संग्रहालय आणि खेळण्यातल्या गाड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आजोबा आणि नातू दोघांचा दिवस एकत्र लागतो, असं ठिकाण मला तरी दुसरं सुचत नाही. पिट्सबर्गकडे जाणार असाल तर प्रश्न १३ मधलं बौडिश यांचं गाव. त्या सायन्स सेंटरचं नाव आता कार्नेगीऐवजी कामिन झालं आहे, नकाशात शोधताना लक्षात ठेवा. सगळीकडच्या वेळा निघण्याआधी फोन करून विचारा.

१५. लहानपणी पाहिलेलं नक्की कुठलं हे आठवत नाही. कसं ओळखायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि वडिलांच्या डायरीत फक्त 'ट्रेन शो' एवढंच लिहिलेलं असतं. एकेक खूण तपासा. बाहेर घोडागाडीत बसलेल्या आमिश (जुन्या, साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) जोडप्याचा भला मोठा पुतळा आठवत असेल, किंवा अंधारात देशभक्तीचं गाणं आणि येशू, तर ते रोडसाइड अमेरिका. घराला आग लागते आणि बंब धावत येतो, हे चू चू बार्न. सर्कस आणि रात्र मात्र दोन्हीकडे होती, त्यावरून काही ठरवू नका. बाहुल्यांचं प्रचंड घर आणि शेकडो नळ्यांचा ऑर्गन एकाच इमारतीत असेल तर नॉर्थलँड्झ. धबधब्यावरचं 'फॉलिंगवॉटर' घर किंवा जुनं फोर्ब्स फील्ड बेसबॉल मैदान असेल तर पिट्सबर्ग.

शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात पाहिलं असेल तर आधी साल आठवा. तिथे १९४१ पासून सांता फे रेल्वे कंपनीच्या नावाचं मोठं ओ मापाचं प्रदर्शन होतं. ते २००२ मध्ये काढून त्याच वर्षी शिकागो ते सिअॅटल असा प्रवास दाखवणारं, लहान एचओ मापाचं नवं बसवलं. एकाच इमारतीत पाहिलेल्या दोन भावंडांचं 'गाड्या मोठ्या होत्या' की 'लहान होत्या' यावर भांडण होतं ते यामुळे. दोघंही खरं बोलत असतात.

१६. भारतात असं काही आहे का?

पुण्यात आहे, आणि पुणेकरांनाच त्याची आठवण करून द्यावी लागते. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशी यांनी उभं केलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. माप एचओ, म्हणजे १:८७. गाड्यांबरोबर पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव असं आखं शहर आहे, आणि दिवे मालवून रात्रही दाखवतात. शार्टल्सव्हिलशी नातं जोडायचं तर तेही एका माणसाच्या वेडातून आणि एका घराच्या जिवावर उभं आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल तर मुलांना घेऊन पुन्हा जा. का, ते प्रश्न १३ मध्ये आलंच आहे.

१७. माथेरानची गाडी यात धरायची का? तीही 'टॉय ट्रेन'च ना.

नाही. नेरळ-माथेरान ही १९०७ पासूनची खरी रेल्वे आहे, फक्त तिचे रूळ दोन फूट अंतरावर आहेत. तिच्यात माणसं बसतात आणि घाट चढतात.

१८. हे सगळं वाचून घरीच लहानसं मांडावं म्हणतोय. डेक्कन क्वीन एचओ रुळांवर चालेल का?

चालेल, पण थोडी तडजोड आहे. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. ८७ ने गुणलं की युरोप-अमेरिकेचा १,४३५ मिलिमीटरचा गेज मिळतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात रूळ १९ मिलिमीटरहून थोडे जास्त रुंद हवेत. तसे तयार रूळ सहज मिळत नाहीत, म्हणून बहुतेक भारतीय हौशी मंडळी डबे आणि इंजिन आपल्या मापाचं करतात आणि खालची चाकं १६.५ च्या रुळांवरच ठेवतात. बाजूने बघितलं तर कळत नाही, समोरून बघितलं तर गाडी जरा अरुंद पायांवर उभी वाटते. सुरुवातीला एक साधं वर्तुळ, एक गाडी आणि एकच बटण ठेवा. तार मात्र रुळांच्या दसपट आणून ठेवा.